पावसाळ्यासाठी उघड्या बॉबकॅटची केबिन बंद करताना

स्किड स्टीअर, म्हणजे पुढे बकेट असलेला छोटा लोडर, त्याला स्किड स्टीअर म्हणत बसत नाही, बॉबकॅटच म्हणतो. कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे गोव्यात डिचोलीपासून काणकोणपर्यंत सगळे बॉबकॅटच म्हणतात, जसं कुठल्याही बॅकहोला जेसीबी. यंदा ज्यांनी पहिली मशीन घेतलीय, बहुतेक वेळा जुनी आणि बहुतेक वेळा उघड्या केबिनची, त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण मे संपत आला की मला फोन सुरू होतात, दादा पावसाचं काय करायचं, ताडपत्री बांधू का. ताडपत्री बांधू नका. मी बांधली होती, काय झालं ते सांगतो.

पहिल्या वर्षी आसगावात एका बंगल्याच्या मागे स्विमिंग पूलच्या खड्ड्याची माती काढायचं काम होतं. मृग लागला आणि पाऊस असा आडवा यायला लागला की छप्पर असून नसल्यासारखं. मी निळी ताडपत्री आणली, सुतळीने केबिनच्या दोन्ही बाजूंना बांधली आणि पुढे पारदर्शक प्लास्टिक लावलं, ते दुकानात टेबलावर घालतात तसलं. अर्ध्या तासात आतून प्लास्टिकवर वाफ धरली, ऑपरेटर बाहीने पुसतोय, पुसलं की दोन मिनिटांत परत तेच. मग वाऱ्याने उजव्या बाजूची ताडपत्री फुगली, बकेट उचलणारा आर्म खाली येत होता, त्याच्यात तिचा कोपरा सापडला आणि टर्रकन अख्खी ताडपत्री सुतळीसकट खेचली गेली. ऑपरेटर दचकला, हात लिव्हरवर, मशीन गर्रकन फिरली आणि मागची बाजू शेजाऱ्याच्या गडग्यावर. गडगा चिऱ्याचा होता, परत रचून दिला, शेजाऱ्याचं ऐकून घेतलं. पण त्या ताडपत्रीच्या जागी ऑपरेटरचा हात असता तर, हे रात्री घरी आल्यावर सुचलं.

म्हणून आधी हे डोक्यात घ्या की आपल्याला केबिन ‘बंद’ करायची नाहीये. पाऊस अडवायचाय. दिसायला पाहिजे, हवा खेळायला पाहिजे आणि वेळ आली तर माणूस बाहेर पडायला पाहिजे. नेटवर जे व्हिडिओ दिसतात ते सगळे बर्फाच्या देशातले, तिकडे थंडी आत येऊ नये म्हणून फट अन् फट बुजवतात आणि इंजिनच्या कूलंटवर चालणारा हीटर आत बसवतात. तिकडे ते बरोबरच आहे. तेच इकडे केलं तर जुलैत आत बसलेला माणूस उकडलेल्या अळूसारखा बाहेर येईल, कारण बॉबकॅटचं इंजिन आणि हायड्रॉलिकचं तेल सीटच्या मागेच तापत असतं आणि बाहेरची हवा आधीच ओली.

आणि मुळात ही मशीन उघडी का असते तर ती जन्मलीच छपराखाली. १९५७ साली अमेरिकेत मिनेसोटात केलर नावाच्या दोन भावांनी एका टर्की पाळणाऱ्या माणसाचं शेड साफ करायला तीन चाकांचा छोटा लोडर बनवला, त्याच्यातून पुढे ही मशीन झाली. शेडमध्ये कसला पाऊस. आपल्याकडे पणजीला वर्षाला साधारण ३००० मिमी पडतो, जुनी माणसं १२० इंच म्हणतात, वाळपई-सांगे बाजूला त्याहून जास्त, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये.

आता काय करायचं नाही ते आधी, कारण मेस्तकडे, म्हणजे वेल्डिंगवाल्या मिस्त्रीकडे, मशीन नेली की तो पहिल्यांदा ड्रिल आणि वेल्डिंगच काढतो.

केबिनचा जो सांगाडा आहे तो नुसता छप्पर धरायला नाही, मशीन उलटली तर माणूस चिरडू नये म्हणून तो हिशोबाने बनवलेला असतो, रॉप्स म्हणतात त्याला, आणि वरून काही पडलं तर त्यासाठी फॉप्स. केबिनमध्ये कुठेतरी त्याची पत्र्याची छोटी पट्टी रिव्हेट केलेली सापडेल. त्या सांगाड्याला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, कापायचं तर अजिबात नाही. वेल्डिंगने तिथला पोलाद बदलतो, आणि भोकातून पाणी शिरून आतून गंज धरतो तो बाहेरून दिसतही नाही. जे काय लावायचं ते क्लॅम्पने, नाहीतर कंपनीने आधीच ठेवलेल्या बोल्टच्या जागांवर. बऱ्याच मशीनवर अशा रिकाम्या आट्याच्या जागा असतात, कारण त्याच सांगाड्यावर कंपनी बंद केबिनचं किटही विकते. मशीन धुवून नीट शोधा, चिखलाने आणि रंगाने भरलेल्या असतात. किट परवडत असेल आणि तुमच्या मॉडेलचं मिळत असेल तर सरळ तेच घ्या, मला काही वाईट वाटणार नाही. जुन्या मॉडेलचं मिळत नाही म्हणूनच हा सगळा खटाटोप.

दुसरं, बाजूची जाळी काढायची नाही. ‘जाळी काढली की काच छान बसते’ असं सांगणारे भेटतील. ती जाळी माणसाचा हात, डोकं बाहेर जाऊ नये म्हणून आहे, तिच्या अगदी जवळून आर्म कात्रीसारखा वर-खाली जातो. पडदा किंवा शीट जाळीच्या आतून लावा, नाहीतर बाहेरून जाळीला घट्ट चिकटून, पण जाळी राहिली पाहिजे.

तिसरं, मागची काच किंवा मागचं उघडं तोंड हा सुटकेचा रस्ता आहे. पुढे आर्म अर्धवट वर अडकला तर पुढचं दार उघडतच नाही, मग मागूनच निघायचं असतं. मी एक मशीन बघितली कुंडईला, मागच्या काचेच्या रबराला सगळीकडून सिलिकॉन मारलेलं, पाणी येतं म्हणून. रबरातली ओढून काढायची दोरी पण सिलिकॉनमध्ये गाडलेली. पाणी येत असेल तर रबर बदला.

चौथं, आणि ह्यात मी कोणाचंच ऐकत नाही. पावसात सीटखालचा स्विच भिजतो, माणसाच्या पुढ्यात खाली ओढायच्या सेफ्टी बारचा सेन्सर भिजतो, मशीन मधेच हायड्रॉलिक बंद करते, मग कोणीतरी वायरचा तुकडा घालून स्विच बायपास करतो. बॉबकॅटमध्ये माणसं मरतात ती बहुतेक अशीच, बार वर करून किंवा सीटवरून उठून बाहेर वाकलं, पाय पेडलला लागला, आर्म खाली. स्विच भिजतोय तर स्विच सुकवा, कनेक्टर बदला, केबिन झाका. बायपास नाही.

झालं, आता कामाला लागू. पावसाच्या आधी दोन पूर्ण दिवस हातात ठेवा, मेमध्येच, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात कुशनवाल्याकडे रिक्षांच्या पडद्यांची रांग असते आणि तुमचं काम तो चतुर्थीनंतरच देईल.

धुणे आणि बघणे

मशीन सपाट जागेवर, बकेट जमिनीवर, इंजिन बंद, चावी खिशात. खिशात म्हणजे तुमच्या खिशात. प्रेशरने धुवा पण कनेक्टर, लिव्हरचा तळ आणि सीटखाली प्रेशर मारू नका, तिथे ब्रश. पायाखालची पत्र्याची फ्लोअर प्लेट उघडते का बघा, त्याच्याखाली आपल्या तांबड्या मातीचा वीटभर थर सापडतो, त्याच्यात पाला, सिगारेटची पाकिटं, एकदा मला पाना सापडला जो मी ऑपरेटरवर आळ घेऊन विकत आणला होता. पाणी जायची भोकं तिथेच असतात आणि तीच बुजलेली असतात. ती मोकळी केली नाहीत तर वर कितीही झाका, बुटाबरोबर आलेलं पाणी आत साठतं आणि वायरिंग त्याच्यात भिजत बसतं.

कनेक्टर सुटे करून पुसा, सुकवा, डायइलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे ओल आत न शिरू देणारं विजेच्या जोडांचं ग्रीस, लावून परत बसवा. समुद्राकाठी काम असेल, हणजूण, शिवोली, मुरगाव बंदर, तर हे नक्कीच करा, खारी हवा तांब्याला हिरवं करून टाकते. एक्झॉस्टचे जोड पण आत्ताच बघा. उघड्या केबिनमध्ये थोडा धूर लीक झाला तर कळतही नाही, बंद केलीत की तोच धूर आत फिरतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. जोडावर काळी काजळी दिसली तर गॅस्केट बदलल्याशिवाय पुढचं काही करू नका.

आर्मची जागा मोजणे

ही पायरी सगळे गाळतात आणि मग पडदे फाटतात. आर्म आणि केबिनच्या बाजूत किती जागा आहे ते डोळ्याने कळत नाही, कारण जुन्या मशीनच्या पिना झिजलेल्या असतात आणि आर्म वर-खाली जाताना थोडा आत-बाहेर हलतो. मी काय करतो, चतुर्थीला मूर्ती करतात ती चिकण माती घेतो, नसेल तर कणीक पण चालेल, लिंबाएवढे गोळे करून बाजूच्या जाळीवर पाच-सहा ठिकाणी चिकटवतो, पुढे, मध्ये, मागे, वर, खाली. मग ऑपरेटर सीटवर, बेल्ट लावून, बार खाली, आणि आर्म सावकाश पूर्ण वर, पूर्ण खाली, दोन वेळा. बाकी सगळी माणसं लांब. इंजिन बंद करून, बकेट जमिनीवर टेकवून मग गोळे बघायचे. जिथे गोळा चेपलाय तिथे जितकी जाडी उरली तितकीच तुमची जागा. त्यातून मी १० मिमी सोडून देतो, उरलं त्यातच शीट, बोल्टचं डोकं, पडद्याची झिप, सगळं बसलं पाहिजे. माझ्या एका मशीनवर पुढच्या खालच्या कोपऱ्यात फक्त १४ मिमी उरले, म्हणजे वापरायला ४. तिथे बाहेरून काही लावायचा विषयच संपला, सगळं आतून.

गोळे ऊन लागायच्या आत बघा, नाहीतर वाळून आपोआप पडतात आणि मोजणी परत करावी लागते.

पुढच्या बाजूलाही तसंच, बकेट पूर्ण मागे रोल करून आर्म खाली-वर नेऊन बघा की बकेटची वरची कड किंवा अटॅचमेंटची प्लेट केबिनच्या किती जवळ येते.

कशाने झाकायचं

तीन बाजू, तीन वेगळी उत्तरं, एकच माल सगळीकडे लावू नका.

बाजूंना रेक्झीन आणि पारदर्शक पीव्हीसीचा पडदा. रिक्षाला पावसात लावतात तोच प्रकार, तोच कुशनवाला शिवून देतो. पीव्हीसी १ मिमीचं मागा, अर्ध्या मिमीचं स्वस्त असतं पण फडफडतं आणि एका मोसमात दुधासारखं होतं. खाली आणि पुढे रेक्झीन, खांद्यापासून वर पीव्हीसी. एक झिप मोठी, नायलॉन किंवा प्लास्टिकच्या दातांची, लोखंडी झिप ऑगस्टपर्यंत गंजून एकजीव होते. वेल्क्रोच्या भरवशावर राहू नका, चिखल भरला की वेल्क्रो संपलं. कड्या आणि रबरी हूक, म्हणजे ट्रकच्या हूडला असतात तसे, ओढून बांधले की पडदा ढोलासारखा ताठ राहिला पाहिजे. ताठ नसलेला पडदा म्हणजे माझी ताडपत्री.

मागे, जर कंपनीची काच नसेल तर, पॉलीकार्बोनेट शीट. इथे एक गडबड होते, म्हापशाला किंवा मडगावला दुकानात जाऊन पॉलीकार्बोनेट मागितलं की ते व्हरांड्याच्या छपराची पोकळ शीट देतात, आत खण असलेली. ती नको, त्यातून दिसत नाही. सॉलिड, पारदर्शक, ४ किंवा ५ मिमीची सांगा. आणि ॲक्रिलिक देऊ करतील, ‘शेठ सेम आहे’ म्हणून. सेम नाही. ॲक्रिलिक दगड लागला की धारदार तुकडे होऊन फुटतं, पॉलीकार्बोनेट वाकतं, ओरखडतं पण फुटत नाही सहसा.

पुढे काच. कारण पुढे वायपर लागणार आणि साध्या पॉलीकार्बोनेटवर वायपर फिरवला की तांबड्या मातीचे कण घासून आठवड्यात अर्धगोल पांढरा पट्टा पडतो, बरोब्बर डोळ्यासमोर. लॅमिनेटेड काच ५-६ मिमीची घ्या, ती कापता येते. टफन्ड घ्यायची असेल तर वायपरचं आणि बिजागरीचं भोक आधी पाडून मग टफन करून घ्यावी लागते, एकदा टफन झाली की ड्रिल लावलं की चुरा. साधी खिडकीची काच लावलीत तर मला सांगू नका.

पण ब्रेकर चालवणार असाल, चिरा फोडायला किंवा काँक्रीट तोडायला, तर ही काचही नाही आणि ही ४ मिमीची शीटही नाही. त्याला कंपनीचं १२ मिमी वगैरे पॉलीकार्बोनेटचं दारच लागतं. उडालेला तुकडा पातळ शीटला विचारून येत नाही. पावसाचं दार आणि दगडाचं दार ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साचा आणि कापणी

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाबाहेर फुकट मिळतो. प्रत्येक बाजूचा साचा पुठ्ठ्यात कापून केबिनमध्ये बसवून बघा, आर्म परत एकदा वर-खाली, दार उघड-बंद, ऑपरेटरला बसवून गुडघे, कोपर, डोकं कुठे लागतं ते बघा. तुमचा ऑपरेटर सहा फुटी असेल आणि साचा तुमच्या उंचीने केला असेल तर शिव्या पडणार. साच्यावर ‘बाहेरची बाजू’ असं मार्करने लिहा. हसू नका, मी उलटी शीट कापलेली आहे.

पॉलीकार्बोनेटच्या एका बाजूला उन्हापासून बचावाचा थर असतो, संरक्षक फिल्मवर छापलेलं असतं कुठली ती, ती बाजू बाहेर. फिल्म शेवटपर्यंत काढू नका, कापताना, भोकं पाडताना फिल्मसकटच. जिगसॉला बारीक दातांचं पातं, शीटला खाली-वर फळ्या लावून घट्ट धरा नाहीतर थरथरून कड चिरते.

भोकाचं गणित नीट लक्षात घ्या. पॉलीकार्बोनेट उन्हात लोखंडापेक्षा कितीतरी जास्त पसरतं, एक मीटर लांब शीट ३० अंश तापली तर साधारण २ मिमी वाढते, खालचं लोखंड अर्धा मिमीही वाढत नाही. बोल्टएवढंच भोक पाडून आवळून टाकलं तर शीट वाढायला जागा शोधते, फुगते आणि भोकापासून तडा जातो. मग लोक म्हणतात माल डुप्लिकेट होता. ६ मिमीच्या बोल्टला ९-१० मिमीचं भोक, मोठा वॉशर, खाली रबर, आणि कडेपासून २० मिमी तरी आत. आवळताना रबर जरा दबलं की थांबायचं. नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले, वापरा, आट्यावर लावायचं लॉकिंगचं लिक्विड पॉलीकार्बोनेटला लागलं तर तिथेच बारीक तडे धरतात, पेट्रोल, थिनर, ॲसिटोन पण तसंच. बोल्ट स्टेनलेसचे, समुद्राकाठी ३१६ ग्रेडचे, आत डिचोली-फोंड्याकडे ३०४ चालतात.

शीट कोपऱ्यावर वाकवायचा मोह होतो. ४ मिमीची शीट हाताने वाकवायची तर ७० सेंमीपेक्षा लहान गोलाईत वाकवू नका. त्यापेक्षा दोन तुकडे करा आणि मध्ये रबर बीडिंग.

पुढचं दार

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो. बॉबकॅटमध्ये माणूस पुढूनच चढतो, बकेटवर पाय ठेवून, त्यामुळे दार एका बाजूला बिजागरीवर बाहेर उघडलं पाहिजे. २० मिमी चौकोनी पाईपची चौकट वेगळी बनवा, वेल्डिंग तिकडे टेबलावर, केबिनपासून लांब, आणि चौकट केबिनला रबर लावलेल्या क्लॅम्पने धरा. काच चौकटीत रबर बीडिंगमध्ये. कडी आतून आणि बाहेरून दोन्हीकडून उघडणारी, एका हाताने, आणि कुलूप नाही. आमच्या मेस्तने पहिल्यांदा बाहेरून आडवी कडी लावली होती, घराच्या बाथरूमला असते तशी. छान बसली होती, म्हणून त्याला राग पण आला काढायला लावल्यावर. मी म्हटलं बाबा, तू आत बस, मी बाहेरून लावतो, चहा घेऊन येतो. काढली.

कंपनीच्या बंद केबिनला बऱ्याच मॉडेलमध्ये दाराला सेन्सर असतो, दार उघडं असेल तर आर्म हलतच नाही. आपल्या घरगुती दाराला तो नसतो, त्यामुळे दार उघडं ठेवून आर्म हलवला तर दार गेलंच, काचेसकट. दार लावल्याशिवाय लिव्हरला हात नाही, ही ऑपरेटरला पहिल्या दिवशी लावायची सवय. आणि दार उघडं बांधून ठेवून काम नको, उकडतंय तर दार पूर्ण उतरवून बाजूला ठेवा, म्हणून बिजागरी पिन ओढून निघणारी घ्या.

वायपर, पंखा आणि वाफ

वायपरची मोटर जुन्या व्हॅनची, स्क्रॅपमधून, १२ व्होल्ट. मोटर दाराच्या चौकटीवर, वरून. वायर दारातून केबिनमध्ये जाते तिथे ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारं रबरी कडं, घाला आणि वायरला आत शिरण्याआधी खाली लोंबती घडी ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी त्या घडीवरून टपकून जातं, आत जात नाही. पॉवर चावी चालू केल्यावरच येणाऱ्या लाइनवरून, रिले आणि वेगळा फ्यूज. बॅटरीवरून थेट घेतलीत तर एखाद्या सकाळी मशीन चालूच होणार नाही आणि साइटवर सगळे तुमच्याकडे बघत उभे.

वाफेचं कारण सोपं आहे. ऑपरेटर ओला होऊन आत बसतो, कपडे ओले, रेनकोट ओला, श्वास गरम, मागून इंजिनची उब, सगळी ओल हवेत, आणि बाहेरून पावसाने थंड केलेली काच. ती हवा बाहेर जायला रस्ता नसेल तर काच पुसत बसा दिवसभर. म्हणून मी दोन उघड्या जागा ठेवतोच. वाऱ्याच्या उलट बाजूच्या पडद्याचा खालचा पुढचा कोपरा वीतभर उघडा, आणि मागच्या शीटच्या वरच्या बाजूला हाताच्या पंजाएवढं तोंड, त्याच्यावर पत्र्याचा छोटा छज्जा. आपला पाऊस बहुतेक पश्चिमेकडून आडवा येतो, मशीन मात्र फिरत राहते, त्यामुळे दोन्ही बाजूंना फ्लॅप करा आणि जी बाजू सुकी ती उघडा. एक १२ व्होल्टचा पंखा, ट्रक ड्रायव्हर लावतात तो, डॅशवर खाली, तोंड काचेकडे. माणसाच्या तोंडावर नाही, काचेवर. आणि रेनकोट आत टांगायचा नाही, बाहेर हूक करून द्या. निम्मी वाफ तर तिथेच कमी होते.

काचेला आतून भांड्यांच्या साबणाचा पातळ थर लावून कोरड्या फडक्याने पुसला की वाफ कमी धरते, हा जुना उपाय चालतो, रोज सकाळी करावा लागतो एवढंच.

उकाड्यासाठी सीटच्या मागे चांदीच्या फॉइलचं इन्सुलेशन लावा, पण आग न धरणारं, गादीचा फोम नाही. आणि काही झालं तरी रेडिएटरची जाळी आणि एअर क्लीनरचं तोंड पडद्याने झाकू नका, मशीन तापली की मग केबिनची काळजी करायला वेळ उरणार नाही.

फटी

फटीला आधी रबर, मग सिलिकॉन, तेही थोडं. सिलिकॉन न्यूट्रल सांगून घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते नको, ते उघड्या लोखंडाला गंज धरवतं आणि पॉलीकार्बोनेटलाही बरं नाही. खालच्या फटी पूर्ण बुजवू नका, आत आलेलं पाणी बाहेर जायला हवं. छपराची पुढची कड मात्र बघा, तिथून पाणी ओघळून सरळ मांडीवर येतं. कंपनीच्या बोल्टमध्ये ॲल्युमिनियमची अडीच-तीन इंचांची पट्टी पुढे वाकवून लावली की घराच्या पागोळीसारखं पाणी पुढे पडतं. सगळ्यात स्वस्त काम हेच आणि ऑपरेटर सगळ्यात जास्त आशीर्वाद ह्याचेच देतो.

तपासणी

बागेची नळी घेऊन चारी बाजूंनी पाणी मारा, आत कोरडा माणूस बसवून, पेपर हातात देऊन. पेपर कुठे भिजतो ते तो सांगेल. मग बेल्ट, बार, सीट स्विच, सगळे इंटरलॉक, म्हणजे माणूस नीट बसला नसेल तर मशीन अडवणारे स्विच, एकेक करून बघा, आपल्या पडद्याचा एखादा हूक बारच्या वाटेत येत नाही ना, पेडलखाली रेक्झीन जात नाही ना. मग आर्म पूर्ण वर-खाली दहा वेळा, लांब उभं राहून कडेने बघत. मग शेवटी बाहेर पडायची तालीम, पुढचं दार बंद आहे असं समजून मागून निघायचं. आमच्या विजापूरच्या ऑपरेटरला पहिल्यांदा चांगलाच वेळ लागला कारण मागच्या शीटच्या बोल्टला पाना लागत होता. म्हणजे चूक माझीच. आता तिथे चार बाजूंना रबर आणि वर हाताने फिरणाऱ्या दोन खिट्या आहेत, लाथ मारली की शीट बाहेर. केबिनमध्ये एक काच फोडायची हातोडी पण बांधून ठेवली, पण लक्षात घ्या हातोडीने टफन्ड काच फुटते, पॉलीकार्बोनेट नाही, लॅमिनेटेडही सहजी नाही. म्हणूनच खिट्या.

रोजचं एवढंच की संध्याकाळी काच-शीट धुताना आधी भरपूर पाणी, माती वाहून जाऊ दे, मग सौम्य साबण आणि मऊ कापड. कोरड्या फडक्याने तांबडी धूळ पुसली म्हणजे सँडपेपर मारला. खाली पायातला चिखल रोज काढा, पेडलखाली वाळला तर सकाळी पेडल पूर्ण परत येत नाही. रात्री मशीन उभी करताना पडद्याची एक बाजू उघडी ठेवा, नाहीतर सीटला बुरशी धरते, पांढरी, चपलेला धरते तशी.

दसऱ्यानंतर पाऊस ओसरला की सगळं उतरवा, ऑक्टोबरच्या उन्हात त्या केबिनमध्ये कोणी बसू शकत नाही. बोल्ट एका डब्यात, डब्यावर मशीनचं नाव. पीव्हीसीचे पडदे घडी घालू नका, घडीवर तडा जातो, गुंडाळून पाईपवर ठेवा. शीट धुवून, सुकवून, मध्ये जुनी चादर घालून उभी ठेवा, आणि चादर कुठली घेताय ते घरात विचारून घ्या.